उजव्या दरवाजातला खळगा

गाडीच्या दरवाजाला आतून अंगरखा असतो, हे बहुतेक लोकांना तो फाटल्यावरच कळतं. बाहेरच्या रंगावर बारीकसा ओरखडा उठला तरी माणसाला जेवण जात नाही. पण ज्या बाजूला तो रोज कोपर टेकतो, गुडघा घासतो आणि कुणी बघत नसताना वडापावची बोटं पुसतो, ती बाजू कशाची केलीय हे त्याला विचारून बघा. "प्लास्टिकची असेल," म्हणेल. आजकालच्या गाड्यांत खरंच प्लास्टिकची असते. म्हणून तर माझं दुकान निम्मे दिवस बंद असतं आणि मला हे लिहायला वेळ मिळालाय.

मी कुशनवाला. भाईंदर पश्चिमेला, मुर्ध्याच्या रस्त्याला माझं दुकान आहे. गाडीच्या पोटात जे जे मऊ असतं ते आमच्याकडे येतं. सीट, छत आणि दरवाजाचं पॅड. दरवाजा म्हणजे पत्र्याचे दोन पदर, मध्ये पोकळी. आतल्या पदराला भोकंच भोकं असतात. ती झाकायला हार्डबोर्डाचा तुकडा कापायचा, त्यावर फोमचा पातळ थर, त्यावर रेक्झिन नाहीतर चामडं ताणून बसवायचं, मागून क्लिपा लावायच्या आणि दरवाजावर दाबायचं. झालं पॅड. आमच्या हिच्या मते मी चाळीस वर्षं पुठ्ठ्याला कापड चिकटवून संसार केला. तिचं तसं काही चुकत नाही.

पण त्या पुठ्ठ्यापायी मी जी माणसं बघितली ती कुठल्या ऑफिसात बघायला मिळाली नसती. एक डॉक्टर होते. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक खराब होऊ नये म्हणून त्यांनी नऊ वर्षं काढलंच नाही. शेवटी प्लास्टिक जसंच्या तसं राहिलं आणि आतली सीट कुजली. माझ्याकडून नवी सीट करून घेतली आणि जाताना विचारतात, "साळवी, यावर घालायला चांगलं प्लास्टिक कुठे मिळेल?" दुसरे एक गृहस्थ रेक्झिनचा रंग जुळवायला बायकोची पैठणी घेऊन आले. पाठोपाठ रिक्षाने बायको आली, पैठणी घेऊन गेली आणि काम तिथेच राहिलं.

हा धंदा मला शिकवला वालजीमिस्त्रींनी. संगमेश्वरहून मुंबईला आलो तेव्हा ऑपेरा हाऊसजवळ त्यांचं दुकान होतं. माणूस कच्छी, आवाज बारीक, बोलणं त्याहून कमी. त्यांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती. जुनं पॅड उतरवलं की आधी उलटं करायचं आणि मागची बाजू वाचायची. आमच्या धंद्यात ही जुनी रीत आहे. पॅड बंद करण्याआधी कारागीर मागे पेन्सिलीने काहीतरी लिहितो. गाडीचा नंबर, डावं की उजवं, आपलं नाव. नंतर कधीतरी दुसरा कारागीर ते उघडणार, त्याच्यासाठी हा निरोप असतो. मालकाला यातलं काही माहीत नसतं.

मालकाला माहीत नसतं म्हणूनच तिथे खरं लिहिलेलं सापडतं. "शेठ फार डोकं खातो, जपून." "क्लिपा जुन्याच टाकल्यात, माफ करा." एका पॅडच्या मागे क्रिकेटचा अख्खा स्कोअर होता आणि शेवटी "हरलो" म्हणून दोनदा अधोरेखित केलेलं. मी गुजराती वाचायला शिकलो ते मिस्त्रींची अशी पॅडं वाचूनच. मिस्त्री म्हणायचे, "साळवी, पहेला पाछळ वांचवानुं. आगे से तो गिऱ्हाईक भी देखता है." हे वाक्य मी स्वतः कितीजणांना ऐकवलंय. ते आता ध्यानात ठेवा, कारण पुढे मला खाली मान घालायची आहे.

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी मुर्ध्याचे रघुनाथदादा पाटील दुकानात आले. जुन्या आगरी घरातले, एकेकाळी मिठागरं होती, आता वय पंचाहत्तरच्या पुढे. आपली गाडी ते टोचन लावून घेऊन आले होते. दोनच माणसांची, उघड्या टपाची, नाक लांब आणि बूड आखूड अशी जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार. दादांनी तरुणपणी मुंबईच्या एका साहेबाकडून घेतलेली. या गाडीला दरवाजात काचा नसतात, त्यामुळे दरवाजाचं पोट रिकामं. हेही ध्यानात ठेवा.

दादांचा उजवा गुडघा अर्धाच वाकतो. कबड्डीत गेला. उतरताना आधी काठी बाहेर आली, मग पाय, मग दादा.

"सालवी, बग हिला," बॉनेटवर थाप मारत म्हणाले. "ग्यारेजवाल्यानी इंजिन करून दिलंय, बॅटरी तेवरी यायची हाय. आता आतलं तू कर. आन ऐक, सगल्या गाऱ्या माझा गुडघा मारतात. नितीनची तर कवराक मोठी गारी हाय, ती पन मारते. हीच एक न्हाय मारत. ही माझा गुडघा ओलखते."

"दादा, गाडीला काय कळतंय?"

"तुला न्हाय कलायचं."

मी हसलो. म्हाताऱ्या माणसांची आपल्या गाडीशी लफडी असतात, आम्हाला ती ऐकून घ्यावी लागतात.

नितीन म्हणजे त्यांचा मुलगा. बेव्हर्ली पार्कात फ्लॅटमध्ये राहतो, स्वभावाने सरळ. त्याने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. "काका, मुर्ध्याच्या घराचं काम काढतोय दिवाळीनंतर. शेड तुटणार. दादा आमच्याकडे येतायत, पण पार्किंग एकच आहे. या गाडीला एक पार्टी तयार आहे. दादांना मी म्हटलंय, दसऱ्याला तुम्ही स्वतः उत्तनपर्यंत चालवून परत आणलीत, तर पार्किंगमध्ये ही राहील, माझी मी रोडवर लावेन. नाही जमलं तर विकायची. नुसती शोपीस म्हणून कुठे ठेवणार, तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? पोरगा वाईट बोलत नव्हता. आणि दादांनी अट मान्य केली होती, वर "उत्तन काय, वसईला जाऊन येतो" असं ऐकवलंही होतं.

मी कामाला लागलो. डावीकडचं पॅड फाटलेलं पण आकाराने सरळ होतं. उजवीकडचं बघून मात्र माझी सटकली. डाळिंबी रेक्झिनच्या चिंध्या झाल्या होत्या आणि पुढच्या बाजूला पॅड आत गेलेलं, चांगलं दोन बोटं खोल. उतरवलं तर मागे डांबरी कागद चिकटवलेला, ओल येऊ नये म्हणून लावतात तसा, आणि त्याखाली फुगवटा. ओल धरून बोर्ड फुगलाय हे मी एका नजरेत ठरवलं. एका नजरेत ठरवणं हा अनुभवाचा मोठा तोटा आहे.

"कुठल्या गाढवाने केलंय हे?" मी दादांना विचारलं.

"मुंबईला कोनीतरी केलं होतं. झाली पन्नासेक वर्सं."

"तरीच. बोर्ड हलका वापरला, बसला खाली. तुम्ही काळजी करू नका, मी रुळासारखं सरळ करून देतो."

डांबरी कागद काढून मागची बाजू वाचायची, एवढंच करायचं होतं. नाही केलं. कुजक्या पुठ्ठ्यामागे वाचण्यासारखं काय असणार, असं वाटलं. मी डाव्या पॅडचा कागदी फर्मा काढला, तो उलटवला आणि त्यावरून उजवं कापलं. पॅड असं झालं की पट्टी लावून बघावी. टाके एकसारखे, कडेची दोरी कुठे वळवळली नाही. शेजारचे दुकानदार येऊन बघून गेले. जुनं पॅड मी घरी नेलं, कारण हिला गॅलरीतल्या कुंड्यांच्या स्टँडवर आडवं टाकायला फळी हवी होती. कबुतरं कुंड्या उकरायची. हार्डबोर्डाचा तुकडा आमच्या घरात वाया जात नाही.

गणपती गेल्यावर दादा आणि नितीन गाडी न्यायला आले. दादा नवा शर्ट घालून आले होते. पॅडवरून हात फिरवला, "झकास" म्हणाले आणि काठी माझ्याकडे देऊन आत बसले. डावा पाय गेला. उजवा आत घेतला तर गुडघा पॅडवर आपटला. पुन्हा बाहेर काढला, कमरेतून वळून पुन्हा घातला. पाय ब्रेकवर न्यायचा तर त्यांचा गुडघा वर येत नाही, बाहेर दरवाजाकडे झुकतो, आणि तिथे माझं रुळासारखं सरळ पॅड उभं होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी ओठ दाबून धरले. कपाळावर घाम आला. नितीन "राहू दे दादा" म्हणाला तसे ते थांबले.

उतरले, काठी घेतली आणि बॉनेटवर हात ठेवला.

"काम एक नंबर केलंस, सालवी. गारी होती तशी झाली. मीच न्हाय राहिलो तसा." मग नितीनकडे बघून म्हणाले, "पार्टीला फोन कर."

आणि मी काय केलं? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "वय होतंच दादा, त्याला काय इलाज?" आजही हे वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते. माणसाला त्याच्या वयाबद्दल धीर देत होतो, आणि त्याच्या गुडघ्याला अडत होतं ते माझं काम.

गाडी शेडमध्ये परत गेली. पार्टी दसऱ्यानंतर बघायला येणार असं ठरलं. दादा तेव्हापासून नाक्यावर दिसेनासे झाले. मला वाईट वाटत होतं, पण ते दुसऱ्याच्या म्हातारपणाबद्दल वाटतं तसं, लांबून.

पंधरा दिवसांनी सकाळी चहा घेऊन गॅलरीत गेलो, तर स्टँडवरच्या त्या जुन्या पॅडवर एक कबुतर फतकल मारून बसलेलं. मी हुसकावायला हात उचलला, तर ही आतून ओरडली.

"अहो, हात लावाल तर खबरदार! दोन अंडी आहेत तिथे."

"कबुतरं येऊ नयेत म्हणून ठेवलंयस ना ते?"

"मी ठेवलं, पण फळी तुमची. एवढी ऐसपैस वाटी करून दिलीत, ती कशी जाईल दुसरीकडे?"

मी निरखून बघितलं. कबुतर बरोबर त्या खळग्यात बसलं होतं. आणि खळगा खरोखरच वाटीसारखा होता. कडा गोल, उतार सगळीकडून सारखा. मी चहा कठड्यावर ठेवला. ओलीने फुगलेला बोर्ड मी आयुष्यभर बघितलाय. तो वेडावाकडा फुगतो, कडेला पापुद्रे सुटतात. तो असा मापात कधी फुगत नाही.

पॅड उचलता येईना. मग मी गॅलरीत उताणा झोपलो आणि डोकं स्टँडखाली घातलं. ही म्हणाली, "आता हे काय?" पावसाने डांबरी कागद सुटून लोंबत होता. मी तो ओढला. बोर्डाला गोल भोक पाडून त्यात कॅनव्हासचे थर चिकटवून केलेली वाटी बसवलेली, चारी बाजूंनी रिवेट मारलेले. एकही हललेला नाही. आणि बाजूला पेन्सिलीने गुजराती अक्षर. ते मला परकं असणं शक्यच नव्हतं.

"जमणा घूंटण माटे. सीधुं करवुं नहीं. वालजी."

उजव्या गुडघ्यासाठी आहे. सरळ करू नये.

पडल्या पडल्या मी हिशेब केला. माझ्या वेळेच्या आधीचं काम असणार, मी तेव्हा गावाला शाळेत. मिस्त्रींनी या माणसाला गाडीत शिरताना एकदा बघितलं असेल, गुडघा कुठे जातो ते हेरलं असेल आणि गुपचूप त्याला जागा करून दिली असेल. मागे माझ्यासाठी निरोप ठेवला. नावानिशी नसेल, पण पुढे जो शहाणा येणार होता त्याच्यासाठी. आणि तो शहाणा त्यांचाच चेला निघाला, त्यांनाच गाढव म्हणाला आणि त्यांचं पॅड कबुतराला देऊन मोकळा झाला. मिस्त्री जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली. स्टँडखालून मी त्यांची माफी मागितली. वरून कबुतराने काय उत्तर दिलं ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही.

अंघोळ करून तसाच मुर्ध्याला गेलो. दादा पडवीत बसले होते, पेपर होता पण वाचत नव्हते.

"दादा, एक सांगायचंय. तुमच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. होता तसाच आहे."

"मग?"

"माझं चुकलं." आणि सगळं सांगितलं. खळगा, डांबरी कागद, कबुतर, पेन्सिलीची ओळ. स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या कामाला नावं ठेवायची वेळ माझ्यावर तोपर्यंत आली नव्हती. दादा ऐकत होते. संपल्यावर काठी एकदा जमिनीवर आपटली.

"म्हनजे पंधरा दिवस तू मना फुकट म्हातारा केलास?"

"हो."

"आन वर 'वय होतंच' म्हनालास."

"म्हणालो."

दादा एवढे हसले की शेजारची माणसं बघायला आली. मग पंच्याने डोळे पुसले.

"त्या मानसानी मना सांगितलं का न्हाय कदी? पन्नास वर्सं मी लोकांना सांगत फिरतंय, गारी माझा गुडघा ओलखते. ओलखत तर तो होता."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? पंचविशीतले कबड्डीवाले तुम्ही."

दादांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "माझ्या गुडघ्याला काय झालंय, असं इचारलं असतं. काम तसंच परत केलं असतं."

"म्हणून नसेल सांगितलं."

त्यांनी तिथूनच नितीनला फोन लावला. "पार्टीला थांबव. दसरा अजून व्हायचा हाय."

दसऱ्याला सहा दिवस होते. जुनं पॅड काढून बसवावं, तर हिने कबुतराच्या बाजूने निकाल दिलेला. म्हणजे वाटी नव्याने करणं आलं. हार्डबोर्ड एका बाजूला वाकतो, वाटीसारखा वाकत नाही, तुटतो. म्हणून मिस्त्रींसारखंच करायचं ठरवलं. साच्याला बुडाचा गोल हवा होता, तो मिळाला आमच्या स्वयंपाकघरात. हिची भज्यांची कढई. ती पालथी घालून, वर मेणकापड टाकून कॅनव्हासचे सहा थर सरसाने एकावर एक चढवले आणि वाळवले. पहिली वाटी उथळ झाली, दुसरी चेमटली, तिसरी जमली. ते सगळे दिवस आमच्याकडे भजी झाली नाहीत आणि त्याचे टोमणे मी मुकाट्याने ऐकले.

जागा ठरवायला दादांना गाडीत बसवलं, पॅड न लावता. गुडघ्याला खडू लावला. "आता ब्रेक दाबा, ॲक्सिलेटर दाबा," म्हटलं. दरवाजाच्या आतल्या पत्र्यावर चिकटवलेल्या खाकी कागदावर पांढरा ठिपका उमटला. कागदामागचा पत्रा मिस्त्रींनी गोल कापून कडा ठोकून ठेवल्या होत्या. ठिपका बरोबर त्या गोलाच्या मधोमध. पन्नास वर्षांत गुडघा हलला नव्हता. आणि तो कापलेला गोलही मी पहिल्या वेळी बघितला होता बरं का. गंजाचं भोक समजलो होतो.

पॅड बंद करण्याआधी मागे पेन्सिलीने लिहिलं, मराठीत. "उजव्या गुडघ्यासाठी. सरळ करू नये. मूळ काम वालजीमिस्त्री. मध्ये एकदा सरळ केलं होतं, तो मी, साळवी." या खेपेला वर डांबरी कागद चिकटवला नाही. मेणकापड चार टाचण्यांनी अडकवलं, की पुढचा माणूस माझ्याइतकाच हुशार असला तरी त्याच्या हातून ते आपोआप सुटावं.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फुटला. दादा बसले. डावा पाय गेला, उजवा गेला. कुठे आपटला नाही. नितीन मागून आपल्या गाडीने येणार होता, मला दादांनी शेजारी बसवलं. "काय झालं तर तू जिम्मेदार," म्हणाले.

राई गेलं, मोरवा गेलं, डोंगरीच्या चढाला मी डॅशबोर्ड धरला. लोक थांबून बघत होते, पोरं मोबाईल काढत होती. उत्तनचा समुद्र कधी आला ते मला कळलं नाही, कारण रस्ताभर मी दादांचा गुडघाच बघत होतो. ब्रेक दाबला की तो त्या वाटीत जाऊन बसायचा, सोडला की बाहेर यायचा. जाताना तसंच आणि परत येतानाही तसंच.

बेव्हर्ली पार्कला पोचलो तेव्हा नितीनने आपली गाडी रोडवर लावली. दादांनी स्पोर्ट्‌स कार रिकाम्या पार्किंगमध्ये घातली, इंजिन बंद केलं आणि हात त्या खळग्यावर ठेवला.

"बरं झालंय," म्हणाले. "पन सालवी, राग नको मानू. त्याचं अजून थोरं बरं होतं."

"मला माहीत आहे, दादा," मी म्हणालो. आणि चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाचं बोलणं मला पहिल्यांदाच इतकं गोड लागलं.